दुखणे सरल्यानंतर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेपुढे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय मात्र आपल्या ज्ञातीत अजून दार लावूनच बोलला जातो. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपल्यावर त्या स्त्रीने व तिच्या घराने कसे राहावे, हा तो विषय होय. या वाटेने आम्ही स्वतः गेलो आहोत.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेव्हापासून उपचार पुष्कळ सुधारले असून, रोग वेळीच ओळखल्यास बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. परंतु शेवटचे सलाईन उतरले, घरात पेढे वाटले गेले, आणि त्याच रात्रीपासून आमची झोप उडाली. उपचार चालू असता डॉक्टर पाठीशी असतात. ते संपताच बाई एकटी पडते. पाठ दुखली तरी मनात एकच शंका येते. ही भीती दुबळेपणा नव्हे. तपासणी ठरल्या दिवशी करावी, टिकून राहणारे नवे दुखणे डॉक्टरांस दाखवावे, आणि मधले दिवस आपले मानावेत.

थकवा महिनोन्‌महिने राहतो व केवळ निजून जात नाही. डॉक्टरांस विचारून हळूहळू रोज अर्धा तास चालण्याची सवय करावी. काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास त्या बाजूच्या हातास भाजण्या-कापण्यापासून जपावे. सूज दिसताच दाखवावे, पण हात वापरणे सोडू नये. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात. अंगातून वाफा निघाल्या तरी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आता मनातले शल्य सांगतो. कन्येचे लग्न ठरत होते. स्थळ मोडेल म्हणून आम्ही आजार लपविला. केस गेले तेव्हा डोक्यावरून पदर घेऊन हळदीकुंकवास बसलो. त्याच वेळी आमच्याच आळीतील एक भगिनी, त्याच धास्तीने, अंगावरची गाठ लपवून होती. तिने दाखविली तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही तोंड उघडले असते, तर कदाचित तिनेही उघडले असते.

हा रोग स्पर्शाने होत नाही. शंभर रुग्णांत पाच ते दहाच जणींचा रोग आनुवंशिक असतो. म्हणून आमची मंडळास नम्र विनंती आहे की, वधूवर-सूचक शाखेने आईचे दुखणे मुलीचा दोष मानू नये, आणि महिन्यातून एक दुपार कार्यालयातील एक खोली अशा भगिनींसाठी मोकळी ठेवावी. पहिल्या दुपारी आम्ही तेथे बसू. कोणी आले नाही, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा बसू.