स्ट्राउड ग्रीन रोडवरचं दुकान



उत्तर लंडनमध्ये फिन्सबरी पार्क नावाचं स्टेशन आहे. तिथून स्ट्राउड ग्रीन रोडला लागलं की ७६ क्रमांकावर पुस्तकांचं एक दुकान आहे, न्यू बीकन बुक्स. आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि तिथली माणसं जगात जिथे जिथे जाऊन राहिली, तिथलं लेखन इथे मिळतं. हे दुकान एका घरातून निघालं आणि पुढेही त्या घराच्याच हातात राहिलं. ‘कॅरिबियन संस्कृतीचा उत्सव’ म्हटलं की आपल्याला ढोल, रंगीत पिसं आणि कार्निव्हल आठवतो. इथे तोही आहे, पण पुस्तकांच्या कपाटात.

जॉन ला रोझ हा मूळचा त्रिनिदादचा. जन्म १९२७चा. तरुणपणापासून कामगार चळवळीत. तिथल्या तेलकामगारांच्या संघटनेचं काम त्याने लंडनमध्ये आल्यावरही सोडलं नाही. मधली काही वर्षं व्हेनेझुएलात काढून तो १९६१ साली इंग्लंडला पोचला. १९६६मध्ये त्याने आणि त्याची जोडीदार सारा व्हाइट हिने न्यू बीकन सुरू केलं. ‘फाउंडेशन्स’ हा जॉनचा कवितासंग्रह हे त्यांचं पहिलं पुस्तक. स्वतःच्या कवितांनी प्रकाशनाचा नारळ फोडणारे प्रकाशक आपल्याकडेही कमी नाहीत, तेव्हा त्याबद्दल बोलायला नको. त्याच वर्षअखेरीस कवी एडवर्ड ब्रॅथवेट आणि लेखक अँड्र्यू साल्की यांच्याबरोबर जॉनने कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट उभी केली. लंडनमध्ये विखुरलेले लेखक, चित्रकार, नाटकवाले तिच्या बैठकांना जमू लागले आणि तिथेच न्यू बीकनची पुस्तकं मांडली जाऊ लागली. राहत्या घरातूनही विक्री चाले. रस्त्यावर दार उघडणारं दुकान मिळायला १९७३ साल उजाडलं.

या दुकानाचं मला सर्वांत मोल वाटतं ते एका कामासाठी. मेलेली पुस्तकं उठवून बसवण्याचं काम. जॉन जेकब थॉमस हा त्रिनिदादचा एक शाळामास्तर. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत जन्मलेला. स्वतःच्या अभ्यासावर पुढे आला. त्याने १८६९ साली आपल्या लोकांच्या बोलीचं, क्रिओलचं, व्याकरण लिहिलं. आणि फ्रूड नावाच्या बड्या इंग्रज इतिहासकाराने ‘वेस्ट इंडीजच्या काळ्या लोकांना स्वराज्य पेलणार नाही’ अशा थाटाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा या मास्तराने १८८९मध्ये ‘फ्रूडॅसिटी’ हे पुस्तक लिहून त्याला खणखणीत उत्तर दिलं. त्याच वर्षी तो वारला. मराठी माणसाला इथे जोतीराव फुले आठवल्याशिवाय राहत नाहीत. थॉमसच्या व्याकरणानंतर चारच वर्षांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं आणि जोतीरावांनी ते अर्पण केलं होतं अमेरिकेतली गुलामी मोडून काढणाऱ्या लोकांना. हे दोघे एकमेकांना ओळखत होते असं अजिबात नाही. पण एक पोर्ट ऑफ स्पेनला आणि एक पुण्याला, एकाच काळात एकाच दुखण्यावर लिहीत होते. थॉमसची दोन्ही पुस्तकं न्यू बीकनने १९६९मध्ये पुन्हा छापली. व्याकरणाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

सी. एल. आर. जेम्स हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ‘बियाँड अ बाउंड्री’मुळे माहीत असतं. त्यांची एकुलती कादंबरी ‘मिंटी ॲली’ १९३६ची. पोर्ट ऑफ स्पेनच्या एका गल्लीतलं घर, भाड्याच्या खोल्या, भांडणं, प्रेमप्रकरणं, आणि हे सगळं दाराच्या फटीतून पाहणारा एक सुशिक्षित तरुण भाडेकरू. आपल्या गिरगावच्या चाळीत ती सहज खपली असती. ती बाजारातून नाहीशी झाली होती. न्यू बीकनने १९७१मध्ये ती परत आणली.

त्याच वर्षी न्यू बीकनने एक छोटं पुस्तक काढलं. बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडाच्या शिक्षकाने लिहिलेलं. लंडनमध्ये कॅरिबियन घरांतली मुलं मोठ्या प्रमाणावर मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत पाठवली जात होती. ते कसं घडतं हे त्याने आईबापांना समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. चाचण्या कशा घेतल्या जातात, घरी बोलली जाणारी भाषा आणि शाळेतली भाषा यांत मूल कसं अडकतं, मास्तरांची अपेक्षा आधीच किती कमी असते. पुस्तकाने खळबळ उडवली. पालक एकत्र आले आणि सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या पूरक शाळांच्या चळवळीला जोर आला. जॉनने अशी एक शाळा १९६९पासून आपल्याच घरात सुरू केली होती. जॉर्ज पॅडमोर हे तिचं नाव. घरात शाळा, घरात प्रकाशन, घरातच पुस्तकविक्री. पाहुण्यांना बसायला जागा कुठे उरत असेल, हा प्रश्न मला पडतो.

१९८१च्या जानेवारीत दक्षिण लंडनच्या न्यू क्रॉसमध्ये वाढदिवसाच्या मेजवानीत आग लागली आणि १३ तरुण मुलंमुली गेली. चौकशीबद्दल आणि सरकारी थंडपणाबद्दल लोकांचा संताप उफाळला. २ मार्चला हजारोंचा मोर्चा लंडनच्या रस्त्यांवरून गेला. त्यामागच्या कृतिसमितीचा अध्यक्ष होता हाच पुस्तकविक्रेता, जॉन. पुढच्याच वर्षी न्यू बीकनने ‘बोगल-लूव्हर्च्यूर’ हे प्रकाशन आणि ‘रेस टुडे’ हे नियतकालिक या सोबत्यांबरोबर कृष्णवर्णीय आणि तिसऱ्या जगातल्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला जेम्स आले. ती प्रदर्शनं १९९५पर्यंत भरत राहिली. यातलं बोगल-लूव्हर्च्यूर म्हणजेही एक नवरा-बायकोच, गयानाचे जेसिका आणि एरिक हंटली. त्यांचंही प्रकाशन घरातूनच सुरू झालेलं.

आता पुढच्या पिढ्यांविषयी. जॉन २००६मध्ये गेला, सारा २०२२मध्ये. कित्येक दशकं दुकानाचा रोजचा गाडा तिनेच ओढला होता, आणि तरी लेखांमध्ये नाव आधी जॉनचं येतं. मी आत्ता तेच केलं. जॉनचा मुलगा मायकेल याने ‘पीपल्स वॉर’ या नावाने कार्निव्हलचा चमू चालवला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर १९९१पासून जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूट आहे. तिथे या चळवळींची पत्रं, पत्रकं, इतिवृत्तं जपली आहेत. त्यानंतर नातवंडांच्या पिढीने खालच्या दुकानात हात घातला.

वारशाबद्दल आपण फार हळवे होतो. दुकान वारशाने मिळतं, पण ऑनलाइन सवलतीशी झुंजण्याची ताकद वारशाने मिळत नाही. २०१६च्या अखेरीस दुकान बंद होणार अशी वेळ आली, आणि वाचकांनी वर्गणी काढून ती टाळली. २०२०च्या उन्हाळ्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यावर ब्रिटनमध्येही वर्णद्वेषाविषयीच्या पुस्तकांना एकाएकी मागणी आली. आणि २०२१मध्ये काय झालं पाहा. त्या वर्षाच्या सुरुवातीला पेंग्विनने ‘मिंटी ॲली’ नव्या मालिकेत काढली, बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्या निवडीतून. पन्नास वर्षांपूर्वी जिला कोणी विचारत नव्हतं, ती आता मोठ्या प्रकाशकाच्या यादीत. मला त्याचा आनंदच आहे. पण त्याच वर्षाच्या अखेरीस, ती पन्नास वर्षांपूर्वी परत आणणाऱ्या दुकानावर पुन्हा दार लावून फक्त ऑनलाइन विक्री करण्याची पाळी आली. वाचकांकडे पुन्हा हात पसरावा लागला. मागितले त्याहून कितीतरी जास्त पैसे जमले, आणि स्ट्राउड ग्रीन रोडवरचं ते दार लावायची गरज पडली नाही.