रिकामे पिस्तूल

निवडणूक जवळ आली की परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. अशा वेळी उज्जैनच्या नानाखेडा भागातील एखादा परवानाधारक कपाटातून पिस्तूल काढतो, मुठीतील मॅगझिन ओढून बाजूस ठेवतो आणि शस्त्र रिकामे झाले असे मानून निर्धास्त होतो, अशी कल्पना करावी. घात होतो तो नेमका येथे. मॅगझिन निघाले तरी नळीच्या मागील टोकाशी एक काडतूस शिल्लक राहू शकते. आणि अनेक पिस्तुले त्या स्थितीतही उडतात.

रिव्हॉल्व्हर हाताळण्याची सवय असलेल्या माणसाची फसगत अधिक संभवते. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात तयार होणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सारी काडतुसे एकदम दृष्टीस पडतात. पिस्तूल मात्र आपले शेवटचे काडतूस पोटात लपवून ठेवते.

या धोक्यावर कारागिरांनी एक उपाय योजला. मॅगझिन बाहेर येताच चाप आणि पुढील यंत्रणा यांचा संबंध तुटावा, अशी ही योजना आहे. जॉन ब्राउनिंग यांनी आरंभिलेले आणि १९२६ साली त्यांच्या निधनानंतर द्यूदोने सेव्ह यांनी पूर्णत्वास नेलेले १९३५ चे बेल्जियन पिस्तूल या योजनेचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच घडणीचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात भारतीय सैन्यासाठी तयार होऊ लागले. अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलात मात्र ही योजना नव्हती.

शस्त्रधारकांत याविषयी दोन पक्ष आहेत. योजनेचे समर्थक म्हणतात, की झटापटीत शस्त्र हिसकावले जाऊ लागल्यास शिपायाने मॅगझिन सोडून द्यावे. शत्रूच्या हाती निरुपयोगी लोखंड पडेल. विरोधकांचे म्हणणे असे, की मॅगझिन बदलतानाच प्रसंग ओढवला तर उरलेली एक गोळीही कामी येत नाही. शिवाय ब्राउनिंगच्या पिस्तुलात या भागाच्या घर्षणाने चाप जड व खरखरीत लागतो. म्हणून कित्येक नेमबाज तो भागच काढून टाकतात. उलटपक्षी, कॅलिफोर्निया राज्याने २००७ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या धाटणीच्या पिस्तुलांना ही योजना आवश्यक ठरविली.

नेमबाजाची सोय खोटी नाही. परंतु घरातील शस्त्र केवळ धन्याच्याच हाती राहते असे नाही. ते उद्या मुलाच्या हाती पडू शकते, आणि यंत्रातून काय काढले आहे हे त्या मुलास ठाऊक नसते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये शस्त्रांची दुरुस्ती हेही परवान्याचेच काम आहे, याचेही विस्मरण होऊ नये.

तथापि या कळीवरच विसंबणेही शहाणपणाचे नव्हे. नळीचे तोंड निर्धोक दिशेस ठेवावे, चापावरून बोट दूर असावे. प्रथम मॅगझिन काढावे, मगच वरचा सरकता भाग मागे ओढून काडतूसघर डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे. हा क्रम उलटला तर मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत चढते आणि रिकामे केलेले पिस्तूल पुन्हा भरले जाते. ठाण्याकडे निघण्यापूर्वीचे हे अर्धे मिनिट कोणत्याही कळीहून अधिक मोलाचे आहे.