गोठवलेला मटार, तापलेली कढई

मी जबलपूरहून बोलतेय. आमच्याकडे थंडी पडली की सगळं गाव मटार सोलायला बसतं. शहापुरा, पाटण भागातून गाड्या भरून शेंगा येतात. सरकारच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत जबलपूरच्या वाट्याला आलाय तो हा मटारच. भाव उतरले की घरटी दहा-दहा किलो शेंगा येतात, दाणे निम्म्याहून कमी निघतात आणि फ्रीजर भरतो.

आणि मग मे महिन्यात तक्रार: 'ताई, मटार भाजायला घेतला की पाणी सुटतं, गिचका होतो.'

होणारच. दाण्यात तीन चतुर्थांश पाणी. घरचा फ्रीजर ते सावकाश गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. कारखान्यात झटपट गोठवतात, म्हणून स्फटिक बारीक. आता हिशेब बघा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, पण तेच पाणी उकळून वाफ व्हायला ५४०! कढईत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांपुढे फारसं जात नाही आणि खमंग तांबूस रंग यायला १४०च्या वर जावं लागतं. म्हणजे तुम्ही भाजत नसता, उकडत असता.

म्हणून मटार आधी वितळवून ठेवू नका. बिडाची कढई कोरडीच चांगली तापवा. दाण्यांवरचा सुटा बर्फ झटकून एकच थर पसरा, आच मोठी. झाकण अजिबात नको. झाकण म्हणजे वाफ परत भाजीत. दोन मिनिटं ढवळायचा हात आवरा. (हे सगळ्यात अवघड, मला माहीत आहे.) चरचर कमी झाली, पाणी आटलं, की मग चमचाभर तेल सोडा. आधी तेल घातलंत तर बर्फ पडताच ते अंगावर उडतं. मीठ अगदी शेवटी, कारण मीठही पाणी ओढतं.

ओव्हन असेल तर २२० अंश, ट्रे आधीच आत तापवलेला. मटार वीसेक मिनिटं, फ्लॉवर-गाजर अर्धा तास. पालकाच्या नादी लागू नका, तो भाजीतच बरा.

पुढच्या हंगामासाठी एवढं करा. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर अगदी कोरडे. उकळत्या पाण्याने रंग-चव बिघडवणारी विकरं थांबतात. ताटात पसरून गोठवा आणि नंतरच पिशवीत भरा. ओले दाणे पिशवीत कोंबले तर त्यांची वीट होते, आणि वीट काही भाजता येत नाही.

भाजलेल्या दाण्यांवर लिंबू, जिरेपूड आणि हिरवी मिरची. चहा टाकायच्या आत संपतात.