अनुक्रमांक : मोजलेला आणि ठेवलेला



संगणकाच्या पानावरील याद्यांना आकडे कसे घालावेत, हा विषय वसंत व्याख्यानमालेत मांडावयाचा म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच, असे कोणास वाटले तर मी त्यास दोष देणार नाही. पण हिंजवडी आपल्या मुळशी तालुक्यातच आहे. जेथे शेते होती तेथे बसून तरुण मंडळी आज अशी पाने घडवितात. आणि ताम्हिणीकडचा माणूसही दाखल्याला कोणते कागद लागतात हे मोबाइलवरच वाचतो.

असेच वाचून माझे एक परिचित मुलीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेले. कागदांच्या यादीखाली टीप होती : ‘अनुक्रमांक ४ ची मूळ प्रत आणावी.’ यांनी चौथा कागद पाहिला, शिधापत्रिका घेतली. हवा होता शाळा सोडल्याचा दाखला. यादीत मध्येच एक नवा कागद घातला गेला होता. कोणी आकडे पुढे सरकविले, टीप मात्र तशीच राहिली. दिवस फुकट गेला आणि वर बोलणीही त्यांनीच खाल्ली.

पानाची रचना सांगणारी भाषा ती एचटीएमएल, आणि पानाला पोशाख चढविणारी ती सीएसएस. ज्या यादीत क्रमाला अर्थ आहे तिला एचटीएमएलमध्ये ‘ओएल’ म्हणतात, जिच्यात नाही तिला ‘यूएल’. ‘ओएल’मधील आकडे टंकावयाचे नसतात, ब्राउझर ते स्वतः मोजतो. मध्ये एक बाब घातली की पुढची सारी आपोआप सरकतात. अंध व्यक्तीस पान वाचून दाखविणारा कार्यक्रमही अशा वेळी ‘यादी, सात बाबी’ असे आधी सांगू शकतो. हाताने ‘१, २, ३’ लिहून ओळी तोडल्या तर त्याला ती यादी आहे हेच कळत नाही. आकडे मराठी हवेत ना? १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये साधे इंग्रजी आकडे, रोमन आकडे आणि इंग्रजी अक्षरे एवढीच सोय होती. आता ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’पुढे ‘देवनागरी’ एवढा एक शब्द लिहिला की काम होते. तरीही पुष्कळजण हातानेच टंकतात. सवय, दुसरे काय!

मग सगळेच मोजणीवर सोडावे काय? येथे मात्र थांबले पाहिजे. गट क्रमांक ११२ चे हिस्से पडले तर ११२/१, ११२/२ होतात. शेजारचा ११३ काही ११४ होत नाही. तो मोजलेला आकडा नव्हे, ते जमिनीचे नाव आहे. राज्यघटनेचेही तसेच. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ वगळला, म्हणून ३२ चा ३१ झाला नाही. ब्राउझरकडे सोपविले तर तो बिनदिक्कत करील, आणि निवाड्यांतले सारे उल्लेख भलत्याच अनुच्छेदावर जाऊन पडतील. यासाठी एकेका बाबीला ‘व्हॅल्यू’ देऊन तिचा आकडा ठरविता येतो. गंमत अशी की, १९९७ च्या एचटीएमएल ४ ने ही सोय पोशाखात काढून ती टाळावी असे सांगितले. २०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ ने ती पुन्हा मानाने घरात घेतली. आकडा कधी पोशाख असतो आणि कधी देहच असतो, हे ध्यानात यायला एवढी वर्षे लागली!

तीही सोय पूर्णांकापुरतीच. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क देणारा अनुच्छेद २१क आला. ‘२१क’ हे ‘व्हॅल्यू’त मावत नाही. तेथे यादीचे आपोआप येणारे आकडे बंद करावेत आणि ‘२१क’ मजकुरातच टंकावे. हाताने टंकणाऱ्यांना मी मघाशी हसलो, ते शब्द येथे मागे घेतो.

त्या कचेरीच्या पानाचे काय झाले? यादी ‘ओएल’ केली असती तरी टीपेतला ४ चुकलाच असता, कारण टीप यादीच्या बाहेर होती. पुढे कोणीतरी शहाण्याने ती बदलली. आता तेथे आकडाच नाही. ‘शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत आणावी’ असे सरळ लिहिले आहे.