कुंकू आणि क्षेपणास्त्र
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



‘तुम्हाला शस्त्रास्त्रांतलं काय कळतं?’ एवढा प्रश्न बायकांना गप्प बसवायला पुरतो. म्हणून मी पेपरातली क्षेपणास्त्रांची बातमी मुद्दाम वाचते. पल्ला, वेग, वजन सगळं असतं. आपणही असतो, पण नावापुरत्या.

‘अग्नी-४’च्या प्रकल्प संचालक होत्या टेसी थॉमस. कलामांना ‘मिसाइल मॅन’ म्हणतात, यांना ‘अग्निपुत्री’. क्षेपणास्त्र बनवलं तरी बाई कुणाची तरी मुलगीच!

२०२० साली सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. न्यायालयाने ते ऐकलं नाही. मे २०२५ मध्ये लष्करी कारवाईची माहिती द्यायला दोन महिला अधिकारी समोर आल्या. मला आनंद झाला. पण कारवाईचं नाव ‘सिंदूर’! पहलगामला ज्यांचे नवरे मारले गेले, त्यांच्या दुःखावरून ठेवलेलं. त्यांच्यातलीच एक तरुणी म्हणाली, मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका. तर तिलाच शिव्यांची लाखोली. म्हणजे तिचं कुंकू हवं, तिचं मत नको.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याला ना पल्ला, ना वेग. खर्च एका कागदाचा. तुमच्या गावात झाला का हा ठराव? पुढच्या बैठकीला येताना तेवढी बातमी आणा.