रात्रीच्या पाण्यासाठी बॅटरी निवडताना
(रब्बी हंगामपूर्व शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून गव्हाचे वाण, हरभऱ्यावरील घाटेअळी आणि ठिबकची निगा हे विषय झाले. माझा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू झाले, ते मी पाहिले. बॅटरी घ्यायला व्याख्यान कशाला, दुकानात जावे आणि घ्यावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. त्यातील बहुतेक खेड्यातील, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील. मण्यार तर रात्रीच हिंडते, घोणसही अंधार पडल्यावर बाहेर निघते, आणि नेमके त्याच वेळी आपण दारे धरायला बांधावर असतो. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर वाहिन्यांची कामे चालू आहेत, काही गावांत ती मिळूही लागली आहे. पण ज्यांच्या वाट्याला अजून रात्रीची पाळी आहे त्यांच्यासाठी हातातील उजेड हे औत-अवजाराइतकेच महत्त्वाचे साधन आहे.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत मी मोठी चकचकीत बॅटरी घेतली. खोक्यावर वीस हजार ल्युमेन असे छापले होते. गव्हाला पाणी द्यायला गेलो, आणि पाऊण तासात उजेड पिवळा पडत पडत गेला. खिशातील मोबाईल काढला. त्याच्या उजेडात पाऊलभर अंतर दिसत होते. विहिरीपासून घरापर्यंतचा नेहमीचा रस्ता मी त्या रात्री काठी आपटत पार केला. दुसऱ्या दिवशी बॅटरी उघडून पाहिली तर आत एक हलका सेल आणि बाकी पोकळ जागा.

मोबाईल आहे की, असे पुष्कळ जण म्हणतात. मोबाईलचा दिवा उजेड पसरवतो, फेकत नाही. शिवाय तो हातातून पाटात पडला किंवा त्याची चार्जिंग संपली, तर अडचणीच्या वेळी ज्याने घरी फोन करायचा तेच साधन गेले. मोबाईल खिशात राहू द्यावा.

आता खोक्यावरील आकडे कसे वाचावेत ते पाहू. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. जुन्या बल्बच्या बॅटरीत वीज बहुतांशी उष्णतेत जात असे. आजचा एलईडी एका वॉटला साधारण १०० ल्युमेन देतो, चांगला असेल तर त्याहून काही जास्त. एवढे एक लक्षात ठेवले की खोटेपणा चटकन ओळखू येतो. खोक्यावर एक लाख ल्युमेन लिहिले असेल तर त्याला सुमारे हजार वॉट लागतील. ७४६ वॉट म्हणजे एक हॉर्सपॉवर. म्हणजे ती मुठीत मावणारी बॅटरी सव्वा हॉर्सपॉवरहून अधिक वीज ओढते असे दुकानदार आपल्याला सांगतो आहे! अशा वेळी हसून खोके परत ठेवावे.

दुसरा आकडा कॅन्डेलाचा. एका दिशेला उजेड किती तीव्र पडतो ते यावरून कळते. कॅन्डेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दुपटीने गुणले की मीटरमध्ये पल्ला येतो. २,५०० कॅन्डेला असेल तर वर्गमूळ ५०, म्हणून पल्ला १०० मीटर. १०,००० असेल तर २०० मीटर. हा पल्ला म्हणजे जेथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरतो ते अंतर. तेथे काहीतरी आहे एवढे दिसेल, काय आहे ते ओळखू येणार नाही. म्हणून छापलेल्या पल्ल्याच्या निम्म्यापर्यंतच खरे काम होते असे धरून चालावे.

तिसरा आकडा किती तास चालते याचा. प्रमाणित पद्धतीत सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणून 'दहा तास' वाचून दहा तास लख्ख उजेड मिळेल असे समजू नये. आपण स्वतः हिशेब करावा. चांगला सेल २,५०० एमएएचचा असेल तर ३.६ व्होल्टने गुणून सुमारे ९ वॉट-तास वीज मिळते. १०० ल्युमेनला एक वॉट धरला, थोडी घट सोडली, तर सात-आठ तास. रात्रीची एक पाळी निघते. तीच बॅटरी ५०० ल्युमेनवर लावली तर दीड तासात संपेल, आणि अंगाने तापेलही. म्हणून एकच जोरदार उजेड देणारी बॅटरी कामाची नाही. किमान तीन पातळ्या असाव्यात. चालायला ५० ते १०० ल्युमेन भरपूर होतात, जोराचा उजेड लांब पाहण्यापुरता वापरावा. लुकलुकणारा झोत आणि एसओएस असे प्रकार पुष्कळ बॅटऱ्यांत घुसडलेले असतात, आणि बटण दाबताना नेमके तेच नको तेव्हा पुढे येतात. ते नसतील तर फारच चांगले.

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे आतल्या सेलकडे दुर्लक्ष होते. खरी किंमत सेलची असते. सध्या लहान आकाराच्या टॉर्चमध्ये १८६५० हा लिथियम-आयन सेल सर्वत्र मिळतो. त्याच्या नावातच माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३,५०० एमएएचपर्यंत वीज साठते. त्याच मापाच्या सेलवर ९,९०० छापलेले दिसले तर तो सेल आणि तो दुकानदार, दोघांचीही परीक्षा झाली असे समजावे. हातात तोलून पाहावा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. सेलवर आयएस १६०४६ हे भारतीय मानक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. सेल बाहेर काढता येणारा असावा. आतच बंद केलेला सेल दोन-तीन वर्षांत दमला की चांगली टॉर्चही फेकावी लागते.

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचायच्या दोन पिनांच्या बॅटऱ्या आठवडे बाजारात अजून विकल्या जातात. त्यांत बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की लवकर निकामी होते. त्याहून वाईट म्हणजे स्वस्त नगांमध्ये आतील मंडल थेट घरच्या विजेला जोडलेले असते. अशी बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना पेटवू नये, उघडू नये, ओल्या हाताने तर मुळीच धरू नये. माझे मत विचाराल तर ती घेऊच नये. मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालणारी, टाइप-सी तोंडाची टॉर्च बरी. यातही एक मेख आहे. काही स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, जुन्या चपट्या यूएसबी टोकाची केबल लागते. टॉर्च बिघडली म्हणून परत करण्याआधी केबल बदलून पाहावी.

पाण्याचे म्हणाल तर आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सहन करणारी आणि आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. पाटात पडण्याचा धोका आपल्याला रोजचा, तेव्हा दुसरी घ्यावी. पुढचे तोंड मागेपुढे सरकवून झूम करायच्या टॉर्चमध्ये त्या सरकत्या फटीतून पाणी आणि माती आत जाते, झोत बारीक केला की उजेडाचा बराच भाग आतच वाया जातो. पोरांना त्या आवडतात, हे मान्य.

उजेडाचा रंग हा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून थोडा थांबतो. निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत दिसतो. शेतात त्याने पाचट, माती आणि तपकिरी रंग सारखेच राखाडी भासतात. घोणसीच्या अंगावरील तपकिरी साखळी वाळल्या पाल्यात आधीच मिसळून जाते. ४,००० ते ५,००० केल्विनचा, किंचित पिवळसर उजेड असेल तर तपकिरी रंगातील फरक अधिक स्पष्ट दिसतो. दुकानात दोन्ही टॉर्च कडब्याच्या पेंडीवर किंवा पोत्यावर मारून पाहाव्यात.

चालताना झोत पायाच्या पुढे दोन-तीन मीटरवर ठेवावा. काठी आणि गमबूट हवेतच. धुक्यात टॉर्च कमरेजवळ धरावी, डोळ्यांजवळ धरली तर समोर पांढरी भिंत उभी राहते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या बाजूच्या उसाच्या पट्ट्यात मात्र उलटे करावे लागते. बिबट्याच्या डोळ्यांवरून उजेड आला त्याच दिशेने परत फिरतो, म्हणून टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून उसाच्या कडेने फिरवली तरच ते चमकलेले दिसतात. कुत्र्याचे, मांजराचे, गाईचेही डोळे चमकतात, हे ध्यानात असू द्या. एकट्याने जाऊ नये आणि वाकून काम करताना सोबत्याने उजेड धरावा. स्टार्टरच्या पेटीत हात घालण्यापूर्वी आत उजेड मारावा. उंदीर, पाल आणि त्यांच्यामागे साप तेथे शिरतात.

दोन्ही हात मोकळे हवेत अशा कामांना कपाळावर बांधायचा दिवा उत्तम. धार काढणे, नडलेल्या गाईचे बाळंतपण, आणि किडींचा शोधही. मकेवरील लष्करी अळी संध्याकाळनंतर पोंग्याबाहेर हिंडते. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर तिन्हीसांजेला गोळा होतात, फांद्या हलवून ते रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे असतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केली, त्याही रात्रीच बाहेर पडणाऱ्या. या कामांना शंभर ल्युमेनचा साधा दिवा पुरतो.

किमतीचे सांगायचे तर हजार रुपयांच्या आत, सेल बदलता येणारी चांगली टॉर्च मिळू शकते. घेताना वीस-पंचवीस वेळा बटण दाबावे, कानाजवळ हलवून आत काही खडखडते का ऐकावे, आटे नीट बसतात का पाहावे. पावती घ्यावी. घरी आल्यावर पूर्ण चार्ज करून मधल्या उजेडावर लावून ठेवावी आणि घड्याळ पाहावे. पाच तासही टिकली नाही तर दुसऱ्याच दिवशी परत न्यावी.

निगा थोडीच आहे. ट्रॅक्टरच्या पेटीत उन्हात ठेवू नये. फुगलेला किंवा ठेचलेला सेल चार्ज करू नये, आणि तो उकिरड्यावरही टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार जुने सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराकडे द्यावा. घरात दुसरी एक साध्या पेन्सिल सेलची टॉर्च असावी, मात्र सेल बाहेर काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून आतील पत्री खातात.

मघाशी एका भगिनीने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की साप चावल्यावर टॉर्चने तो शोधून ओळखावा का. नाही. सापाच्या मागे जाऊ नये. जखम कापू नये, दोरीने आवळून बांधू नये, अंगठी-घड्याळ काढावे, रुग्णाला चालवू नये, आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी प्रतिसर्पविषाची लस एकच आहे, त्यामुळे साप सोबत नेण्याची गरज नाही. टॉर्च रुग्णाला नेण्याचा रस्ता पाहायला वापरावी.