पंगत कोणी मोडली?

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वंशभेद आणि ख्रिस्ती समाज. मी ख्रिस्ती नाही. पण वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत तामिळनाडूचा एक दलित ख्रिस्ती मित्र राहायचा. वडिलांची माती करून परत आला तेव्हा एवढंच बोलला, "आमच्या दफनभूमीतही भिंत आहे." देवापुढे सगळे समान, मग भिंत आली कुठून? या प्रश्नाचा माग काढत मी दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८२९ साली ठरवलं होतं की प्रभुभोजन, म्हणजे एका भाकरीत आणि प्याल्यात सहभागी होण्याचा विधी, सर्वांना एकत्रच मिळेल. रंग पाहिला जाणार नाही. काही गोऱ्या सभासदांना ते सहन होईना. मग १८५७ च्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. एकत्र उपासना शास्त्राला धरून आहे हे मान्य केलं, पण 'काहींच्या दुर्बलतेमुळे' काम अडत असेल तर काळ्या ख्रिस्ती लोकांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी, अशी सवलत दिली.

इथे जरा थांबू. भेदभाव चूक आहे हे त्यांना माहीत होतं. दुर्बलता गोऱ्यांची होती आणि बाहेर गेले ते काळे! "आम्ही नाही हो मानत, पण गावातली माणसं मानतात," हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही?

सवलतीची रीत झाली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं. पुढे चर्चच्याच पंडितांनी या वेगळेपणाला बायबलमधून आधार शोधून दिले. १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद सरकारी धोरण बनला. त्या सरकारचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे पूर्वी याच चर्चचे पाळक होते.

गोऱ्यांमधून कोणी बोललंच नाही असं नाही. १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली. त्या घटनेने हादरलेले बायर्स नॉडे हे गोरे पाळक १९६३ मध्ये आपलं व्यासपीठ सोडून बाहेर पडले आणि वर्णभेदाविरुद्ध काम करू लागले. १९७७ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. पण असे लोक थोडेच होते.

खरा धक्का दिला तो ज्यांना बाहेर काढलं होतं त्यांनी. १९८२ मध्ये कॅनडात ऑटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसची परिषद भरली. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या प्रतिनिधींनी तिथल्या प्रभुभोजनात भाग घ्यायला नकार दिला. घरी ज्यांना आमच्याबरोबर बसायचं नाही, त्यांच्याबरोबर परदेशात बसून एकतेचा देखावा कशाला? परिषदेने वर्णभेदाच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवलं, गोऱ्या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं आणि मिशन चर्चच्या ॲलन बुसाक यांना अध्यक्ष निवडलं. त्याच वर्षी मिशन चर्चने बेल्हार इथे आपला कबुलीजबाब मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. अन्याय झालेल्यांच्या बाजूने देव उभा असतो, म्हणून चर्चनेही तिथेच उभं राहावं, हा त्याचा गाभा.

गोऱ्या चर्चमधून पुढे पश्चात्तापाचे शब्द आले. १९९४ मध्ये मिशन चर्च आणि काळ्यांचं चर्च एक झाले. गोऱ्या चर्चबरोबरचं एकीकरण मात्र रखडलं. शब्द लवकर येतात, जागा सोडायला वेळ लागतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये मराठी धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती विचारात दलितांचा अनुभव कुठे आहे, हा प्रश्न उभा केला. दलित थिऑलॉजीची सुरुवात तिथून मानली जाते. २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केलं. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. सरकार म्हणतं, तुमच्या धर्मात जात नाही. आणि माझ्या मित्राच्या वडिलांची कबर भिंतीच्या पलीकडे आहे.

आपण घराण्यातले पहिले पदवीधर. संस्था आपल्याला व्यासपीठावर बोलावतील, फोटो काढतील, बंधुत्वावर बोलायला लावतील. जरूर जावं. पण जाताना पाहावं, यांच्या वसतिगृहात, स्वयंपाकघरात, निवड समितीत आणि दफनभूमीत आपल्या माणसाला कुठे जागा आहे. तिथे नसेल, तर ऑटावाच्या त्या प्रतिनिधींसारखं ताटावरून उठायची तयारी ठेवली पाहिजे. पंगत आपण मोडत नसतो, ती १८५७ मध्येच मोडलेली असते.

जय भीम.